सत्तर मिलिमीटरचा वाद: पुण्यातल्या एका विद्यार्थी रेसिंग टीमनं इंजिनाची जागा कशी ठरवली

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फॉर्म्युला टीमचं आहे. कॉलेजचं आणि मुलांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणं मात्र जशी होती तशीच ठेवली आहेत. मी या टीमला बाहेरून मदत करत होतो. इंजिनाच्या टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काम केल्यामुळे मुलं अडलं की फोन करायची, आणि त्या वर्षी ती जरा जास्तच अडली होती.

स्पर्धेचं स्वरूप थोडक्यात असं. विद्यार्थ्यांनी एक सीटची, उघड्या चाकांची गाडी स्वतः डिझाइन करून बांधायची. पेट्रोल इंजिन ७१० सीसीपर्यंत चालतं, पण इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच रिस्ट्रिक्टरमधून, म्हणजे हवा अडवणाऱ्या अरुंद नळीतून, जायला हवी. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, किमान १,५२५ मिलिमीटर. कूलंट म्हणून फक्त साधं पाणी. डिझाइन, खर्च, अ‍ॅक्सिलरेशन असे वेगवेगळे भाग असतात, पण सगळ्यात जास्त गुण एंड्युरन्सला, म्हणजे गाडीचा दम पाहणाऱ्या शर्यतीला: २२ किलोमीटर, निम्म्यावर गाडी थांबवून ड्रायव्हर बदलायचा, त्यासाठी तीन मिनिटं, आणि मग गाडी पुन्हा चालू करून उरलेलं अंतर. भारतात ही स्पर्धा जानेवारीच्या सुमारास कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर भरते.

२२ किलोमीटर हे अंतर ऐकून कुणी म्हणेल, यात कसली एंड्युरन्स? फ्रान्समध्ये चोवीस तासांची शर्यत होते त्या ल माँच्या सर्किटची एक फेरीच साडेतेरा किलोमीटरच्या वर आहे. पण तिथे लांब सरळ रस्त्यांवर गाडीला भरपूर वारा लागतो. इथे प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, लावलेल्या अरुंद ट्रॅकवर गाडी सतत वळत असते, वेग बेताचा, इंजिन चढ्या आरपीएमवर आणि रेडिएटरवर येणारी हवा तुटपुंजी. मधे काही ढिलं झालं तर हात लावायची परवानगी नाही. गाडी लहान असली तरी प्रश्न तेच आहेत जे ल माँच्या गॅरेजमध्ये असतात: उष्णता कुठे जाणार, थरथर कोण सोसणार, आणि थांबलेली गाडी पुन्हा चालू होणार का.

अडचण

आदल्या वर्षीची गाडी दिसायला देखणी होती. ३७३ सीसीचं एक सिलिंडर इंजिन, केटीएम ३९० मधलं, म्हणजे आपल्या चाकणलाच बनणारं. ते ड्रायव्हरच्या पाठीमागे, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, आडवं बसवलेलं. टीमचा सगळा जोर वजन मध्यभागी गोळा करण्यावर होता, त्यामुळे इंजिन फायरवॉलला, म्हणजे ड्रायव्हर आणि इंजिन यांच्यामधल्या आडोशाला, जवळपास चिकटवलं होतं. व्हीलबेस १,५५०.

मोटरसायकलमध्ये या इंजिनाचं एक्झॉस्ट पुढे उघडतं, कारण तिथे समोरून वारा लागतो. गाडीत चेन मागेच न्यायची असल्यानं इंजिनाचं तोंड तेच राहतं, आणि मग एक्झॉस्ट उघडतं ते नेमकं ड्रायव्हरच्या पाठीकडे. इंजिनातून तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या हेडर पाइपला वळायला जागा नव्हती म्हणून तो फायरवॉल आणि सिलिंडर हेड यांच्यामधून दोनदा मुरडून खाली उतरवला होता. त्याच फटीत पेट्रोलची टाकी. मधे अ‍ॅल्युमिनियमचा एक पत्रा होता, नियमाला पुरेल इतका.

एंड्युरन्सचा पहिला अर्धा भाग व्यवस्थित गेला. ड्रायव्हर बदलला, दुसरा बसला, बेल्ट आवळले, सेल्फ मारला. सेल्फ फिरत होता पण इंजिन पकडत नव्हतं. वेळ संपेपर्यंत तेच चाललं. अर्धवट एंड्युरन्सला जवळपास काहीच गुण मिळत नाहीत, आणि इंधन बचतीचे गुणही त्याच्याबरोबर जातात. वीसेक मिनिटांनी, पिटमध्ये ढकलत आणल्यावर, ती पहिल्या सेल्फला चालू झाली.

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. काही तुटलं असतं तर ती चालू झालीच नसती. इंजिन बंद केलं की क्रँकवर चालणारा पाण्याचा पंपही थांबतो. सिलिंडर हेडचा धातू तापलेलाच असतो, तो आपली उष्णता स्थिर पाण्यात सोडतो आणि पाण्याचं तापमान इंजिन बंद असताना वर चढतं. इकडे तापलेला हेडर टाकीवर उष्णता फेकत राहतो आणि ती वाहून न्यायला हवा नसते. पेट्रोलचे हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. पेट्रोलच्या पंपाच्या तोंडाशी वाफेचे बुडबुडे जमले की तो पंप फिरतो, पण दाब बनत नाही.

मुलांनी टेस्टिंग केलं नव्हतं असंही नाही. पण कॉलेजच्या मागचं पार्किंग मोकळं मिळायचं ते डिसेंबरातल्या रविवारी पहाटे. पुण्यात त्या वेळी दहा-बारा अंश असतात. त्या थंडीत ही गाडी कितीही वेळा थांबवून चालू केली तरी चालू होत होती.

समोर असलेले पर्याय

नवी टीम जुलैमध्ये बसली तेव्हा दोन गट पडलेले होते. नव्या कॅप्टनचं म्हणणं सरळ होतं: एक सिलिंडरचा नाद सोडा, ६०० सीसीचं चार सिलिंडर आणा. पॉवरट्रेन, म्हणजे इंजिनापासून चाकांपर्यंतची यंत्रणा, बघणारी मुलगी याच्या विरोधात होती. तिला मी इथे पॉवरट्रेनवाली एवढंच म्हणतो. तिचं मत असं की इंजिन बरोबर आहे, त्याची जागा चुकली आहे.

चार सिलिंडरचा पर्याय उडवून लावण्यासारखा नव्हता. नीट ट्यून केलं तर रिस्ट्रिक्टर असूनही ते सत्तर-ऐंशी हॉर्सपॉवरपर्यंत जातं. रिस्ट्रिक्टरशी त्याचं जमतंही चांगलं, कारण चार सिलिंडर आळीपाळीनं श्वास घेतात आणि हवा जवळपास अखंड वाहते. एक सिलिंडरचं तसं नाही. ९,००० आरपीएमला ३७३ सीसीचं इंजिन सेकंदाला सरासरी तीसेक ग्रॅम हवा घेतं. २० मिलिमीटरच्या नळीतून पुण्याच्या उंचीवर सत्तरेक ग्रॅम जाऊ शकते, म्हणजे वरवर भरपूर वाव आहे. पण इंजिन ही सगळी हवा चक्राच्या साधारण पाव भागातच ओढतं. त्या पाव भागात प्रवाह सरासरीच्या चौपट होतो, सत्तरच्या बराच वर, आणि नळी तिथे गुदमरते. म्हणून मधे मोठा प्लेनम लागतो, हवेचा साठा करणारा डबा, आणि त्याला गाडीत जागा द्यावी लागते. कॅप्टननं हे गणित स्वतः मांडलं होतं आणि ते बरोबर होतं.

दुसऱ्या बाजूचं गणित असं. केटीएमचं इंजिन ३६ किलोच्या आसपास, ६०० सीसीचं साठच्या घरात. पेट्रोल इंजिनात इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग चाकांकडे, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर आणि एक तृतीयांश पाण्यात जातो. ताकद दुप्पट करायची तर रेडिएटरवरचा भारही जवळपास दुप्पट होणार, आणि टीमचा जुना आजार उष्णतेचाच होता. फायरवॉलसमोर एका हेडरऐवजी चार हेडर येणार होते. शिवाय सुट्या भागांचा प्रश्न. केटीएमचा क्लचचा संच किंवा गॅस्केट हवं असेल तर मुलगा दुपारी नाना पेठेत जाऊन संध्याकाळी परत येतो. ६०० सीसीचं जुनं इंजिन कुठून तरी मिळालंच असतं, पण जानेवारीच्या तोंडावर त्याचा एखादा सेन्सर गेला असता तर पुण्यात तो मिळण्याची खात्री कुणी देऊ शकत नव्हतं.

तिसरी कल्पना एका दुसऱ्या वर्षाच्या मुलाची होती, आणि ती ऐकताना सगळ्यांचे डोळे चमकले. इंजिनच उलटं फिरवून बसवा. एक्झॉस्ट मागे, हवा आत घेणारं इनटेक पुढे, उष्णतेचा प्रश्न मिटला! यातली मेख अशी की इंजिन उभ्या अक्षाभोवती अर्धा फेरा फिरवलं की बाहेर येणाऱ्या शाफ्टची फिरण्याची दिशाही गाडीच्या मानानं उलटी होते. चेन दिशा बदलत नाही. म्हणजे पहिल्या गिअरला गाडी मागे जाणार. मधे दिशा बदलणारी गिअरची जोडी घालायची तर वजन, तेल, आणखी एक केसिंग, आणि बिघडायला आणखी एक जागा. तासाभरात ही कल्पना बाजूला पडली. तरी ती मांडली गेली हे चांगलं झालं, कारण त्यानंतर चर्चा ‘कोणतं इंजिन’ इथून ‘कोणत्या बाजूला काय उघडतं’ इकडे वळली. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिन बसवण्याचा पर्यायही कुणी तरी काढला. रुंदी आणि एका बाजूला पडणारं वजन पाहून तो लगेच सुटला.

उरला चौथा पर्याय, पॉवरट्रेनवालीचा: इंजिन तेच, पण ते आणि त्यामागचं सगळं सत्तर मिलिमीटर मागे न्यायचं. व्हीलबेस १,५५० चा १,६२० होईल. मिळालेल्या जागेत हेडर एका सरळ वळणानं उजवीकडे काढायचा. या इंजिनाची चेन डावीकडे असते आणि ती मागे जाते, त्यामुळे डाव्या बाजूचा पुढचा कोपरा मोकळा राहतो. टाकी तिथे न्यायची.

पहिला निर्णय: वजनाची भीती किती खरी?

या सत्तर मिलिमीटरवर टीम तीन आठवडे भांडली. चेसिसवाल्यांचा आक्षेप एका वाक्यात होता, “मागे वजन गेलं की गाडी शेपटीजड होणार.” हे वाक्य इतक्यांदा बोललं गेलं की त्याला आकडा लावायचं कुणाच्या मनात येईना.

आकडा लावल्यावर चित्र असं दिसलं. ड्रायव्हरसकट गाडी २९० किलो धरली आणि मागच्या चाकांवर ५२ टक्के वजन धरलं, तर नुसतं ३६ किलोचं इंजिन सत्तर मिलिमीटर मागे सरकवल्यानं गाडीचा गुरुत्वमध्य नऊ मिलिमीटरपेक्षाही कमी सरकतो. टक्केवारीत हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. आणि प्रस्तावात तर मागचा अ‍ॅक्सलही तितकाच मागे जाणार होता. डिफरन्शियल, ड्राइव्हशाफ्ट, हब, चाकं मिळून पन्नासेक किलो इंजिनाबरोबर मागे गेलं, तरी व्हीलबेस लांबल्यामुळे मागच्या चाकांवरचा वाटा ५२ वरून ५१ वर येतो. ज्याची भीती होती त्याच्या उलट घडतं.

खरी किंमत दुसरीकडे होती. लांब व्हीलबेसची गाडी कोनांमधून नागमोडी जाताना आळशी होते, आणि या स्पर्धेचा ट्रॅक नागमोडीच असतो. चेसिसच्या नळ्या वाढणार, किलो-दीड किलो वजन वाढणार. चेसिस बघणाऱ्या मुलानं फेरीमागे किती वेळ जाईल याचा अंदाज काढला आणि तो काही दशांश सेकंदांचा आला. मग प्रश्न स्वच्छ झाला: प्रत्येक फेरीत थोडा वेळ द्यायचा की पूर्ण एंड्युरन्स पणाला लावायची?

इथे मी मुलांसमोर मोठ्या रेसिंगमधली उदाहरणं ठेवली, कारण जागेची ही ओढाताण तिथेही अशीच चालत आली आहे. ल माँमध्ये इंजिन पुढे असलेली गाडी एकूण स्पर्धा शेवटची जिंकली ती १९६२ मध्ये. १९६३ साली फेरारी २५० पी ही इंजिन ड्रायव्हरच्या मागे असलेली गाडी पहिल्यांदा जिंकली आणि त्यानंतर वाट बदलली ती कायमची. पण ‘इंजिन मध्यभागी’ एवढं ठरल्यानं काम संपलं असं झालं नाही. पोर्शच्या ९५६ मध्ये सपाट सहा सिलिंडर इंजिन होतं. वजन खाली राहतं हा त्याचा मोठा फायदा. पण सिलिंडर आडवे पसरतात, एक्झॉस्ट खालून निघतं, आणि गाडीच्या पोटाखालच्या ज्या बोगद्यांतून हवा खेचून गाडी जमिनीला चिकटवायची तिथेच ते आडवं येतं. ती गाडी १९८२ साली जिंकली, पण इंजिनाची रचना आणि हवेची वाट यांत तडजोड करून. उलट दिशेचं उदाहरण ९११ चं. ज्या गाडीची ओळखच मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे इंजिन ही, तिच्या २०१७ च्या आरएसआर रेसिंग आवृत्तीत पोर्शनं इंजिन अ‍ॅक्सलच्या पुढे आणलं, आणि त्याचं एक मोठं कारण होतं मागे मोठा डिफ्युझर, म्हणजे गाडीखालची हवा खेचून तिला जमिनीला चिकटवणारा भाग, बसायला जागा मिळावी हे.

आणि उष्णतेसाठी ऑडीची २०११ ची आर१८. १२० अंशांत उघडलेलं व्ही-६ डिझेल, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकारात दोन ओळींत सहा सिलिंडर, ज्यात एक्झॉस्ट दोन्ही बाजूंना न काढता व्हीच्या आत काढलं आणि टर्बो तिथेच मधे बसवला. तापलेलं सगळं एका ठिकाणी, आणि इनटेक बाहेरच्या थंड बाजूंना. गरम भाग कुठे ठेवायचे हे त्यांनी इंजिन कागदावर असतानाच ठरवलं होतं. आपल्याला विकत घेतलेलं इंजिन बदलता येत नाही, पण त्याच्याभोवतीची जागा नक्की बदलता येते, एवढं मुलांच्या लक्षात आलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला कॅप्टननं सत्तर मिलिमीटरला होकार दिला. त्यानं आपलं मत आकड्यांपुढे बदललं, हे मला फार आवडलं.

दुसरा निर्णय: हात पोहोचतो का?

मागची गाडी पूर्णपणे संगणकावर जुळवली होती. तिथे सगळं बसत होतं. या वेळी पॉवरट्रेनवालीनं हट्ट धरला की नळ्या कापण्याआधी पीव्हीसी पाइपचा खराखुरा सांगाडा करायचा आणि त्यात जुनं, रिकामं इंजिन ठेवून बघायचं. सरांना आधी तो वेळेचा अपव्यय वाटला, पण त्यांनी अडवलं नाही.

भोसरीला ज्यांच्याकडे टीम वेल्डिंग करून घेते ते काका सांगाडा बघायला आले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. खाली वाकले, हात आत घातला आणि विचारलं, “पुढचा स्प्रॉकेट बदलायचा झाला तर पाना इथून जाणार कसा?” स्प्रॉकेट म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, आणि पाना तिथवर जात नव्हता. चेसिसची एक तिरकी नळी नेमकी आडवी येत होती. तेलाचा ड्रेन बोल्टही खालच्या नळीच्या वर येत होता, म्हणजे तेल बदलायला इंजिन उतरवावं लागलं असतं. आदल्या वर्षी स्पर्धेच्या आदल्या रात्री मुलांनी खरोखर इंजिन उतरवलं होतं, गिअरिंग बदलण्यासाठी, आणि पहाटे तीनला परत चढवलं होतं.

ल माँच्या इतिहासात याचं उत्तम उदाहरण म्हणजे ऑडी आर८. २००० साली त्या टीमनं गिअरबॉक्स आणि सस्पेन्शनसकट गाडीचा मागचा अख्खा भाग काही मिनिटांत बदलून दाखवला. गाडी तशी बांधलेलीच होती. सुटं कसं होईल हे त्यांच्या लेखी वेगाइतकंच महत्त्वाचं होतं.

पीव्हीसीच्या सांगाड्यामुळे तीन नळ्यांची जागा बदलली आणि एक नळी बोल्टनं सुटी होणारी केली. या सगळ्याला फार तर आठवडा लागला. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पातला सर्वांत उपयोगी आठवडा तो होता.

काय काय केलं

हेडर उजवीकडे काढून त्याला उष्णता अडवणारी गुंडाळी केली. टाकी आणि हेडर यांच्यामध्ये दोन पत्रे, मधे हवेची फट, अशी ढाल लावली. रेडिएटर डाव्या बाजूच्या पॉडमध्ये, म्हणजे गाडीच्या बगलेतल्या कप्प्यात, आणि त्याला हवा आत आणणारा बंद डक्ट. नुसता जाळीसमोर टांगलेला रेडिएटर हवा कडेनं जाऊ देतो आणि पंख्याचं काम वाढवतो.

पाण्याचा विजेवर चालणारा पंप लावावा का, यावर बरीच चर्चा झाली. त्यामुळे इंजिन बंद असतानाही पाणी फिरलं असतं. पण इंजिनाच्या मॅग्नेटोवर, म्हणजे वीज बनवणाऱ्या भागावर, आधीच पंखा, फ्युएल पंप आणि ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) भार होता, आणि लहान बॅटरी रिकामी झाली तर सेल्फच फिरणार नाही, ही भीती होती. शेवटी इंजिनाचा मूळ पंप ठेवून, थांब्यावर पंखा चालू ठेवायचा, असं ठरलं. फ्युएल लाइनमध्ये परतीची वाट ठेवली, म्हणजे सेल्फ मारण्याआधी पाच सेकंद पंप चालवला की वाफेसकट गरम पेट्रोल टाकीत परत जातं आणि ताजं पेट्रोल इंजेक्टरपाशी येतं. ड्रायव्हर बदलाच्या सरावात ‘आधी पंप, पाच मोजा, मग सेल्फ’ हे दोन्ही ड्रायव्हरांकडून घोटून घेतलं.

माउंटिंगवर मात्र घाई झाली. एक सिलिंडर इंजिनात थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट असला तरी थरथर उरतेच. इंजिन चेसिसला थेट बोल्ट केलं की ते चेसिसला ताठ करायला मदत करतं, पण थरथरही सगळीकडे पोहोचते. रबर बुश घातले तर थरथर कमी, पण इंजिन हलतं आणि चेनची रेघ बिघडते. पोर्शच्या ९१९ हायब्रिडचं व्ही-४ इंजिन गाडीच्या सांगाड्याचाच भाग होतं. सुरुवातीच्या चाचण्यांत त्या इंजिनाची थरथर इतकी होती की त्याची अंतर्गत रचनाच बदलावी लागली, आणि मग ती गाडी २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षं ल माँ जिंकली. ही गोष्ट मुलांना माहीत होती. तरी वेळ कमी उरला म्हणून चारही माउंट थेट बोल्टचे केले.

टेस्टिंगची वेळ बदलली. गाडी ऑक्टोबरात उभी राहिली आणि पुण्याची ऑक्टोबर हीट या वेळी कामाला आली. भर दुपारी, तापलेल्या डांबरावर, ११ किलोमीटर चालवून तीन मिनिटं बंद, आणि मग सेल्फ. पहिल्यांदा ती चालू झाली नाही. शोध घेतला तेव्हा पंखा पॉडमधली तापलेली हवाच पुन्हा आत ओढत होता असं दिसलं. डक्टच्या फटी फोमनं बुजवल्या आणि पॉडच्या मागे बाहेर पडायची वाट मोठी केली. त्यानंतर ती दुपारीही चालू होऊ लागली.

निकाल

कोइम्बतूरला एंड्युरन्सच्या दिवशी ऊन होतं, पण पुण्याच्या ऑक्टोबरइतकं नाही. पहिला अर्धा भाग पूर्ण. थांबा. पंखा चालू, पाण्याचं तापमान तरीही चढत गेलं, अगदी टीमनं ठरवलेल्या मर्यादेजवळ. दुसऱ्या ड्रायव्हरनं पाच मोजले आणि सेल्फ मारला. पहिल्यांदा इंजिननं पकडून सोडलं. दुसऱ्यांदा चालू झालं. पिट वॉलपाशी जो आरडाओरडा झाला तो ऐकण्यासारखा होता.

गाडीनं २२ किलोमीटर पूर्ण केले. टीमच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडलं. नागमोडी भागात ती अपेक्षेप्रमाणे थोडी मागे पडली, आणि शॉर्ट व्हीलबेसच्या गाड्यांनी तिथे स्पष्ट आघाडी घेतली. इंधनाचे गुण मात्र चांगले मिळाले, लहान इंजिनाचा तो हक्काचा फायदा.

गाडी परत पुण्यात आल्यावर उघडली तेव्हा मागच्या डाव्या माउंटच्या ब्रॅकेटला वेल्डच्या कडेनं तडा गेलेला आढळला. अजून किती फेऱ्या टिकला असता हे सांगता येत नाही. माउंट थेट बोल्ट करण्याचा निर्णय तिथे बोलला.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते सर्वांत मोठी त्रुटी पाण्याच्या पंपाच्या निर्णयात होती. चर्चा ‘इंजिनाचा पंप की विजेचा पंप’ अशी झाली. मूळ पंप तसाच ठेवून, फक्त थांब्याच्या तीन मिनिटांपुरतं पाणी फिरवणारा एक छोटा पंप जोडता आला असता. एवढ्या वेळात तो बॅटरीतून फार काही घेत नाही, आणि किती घेतो हे टेबलावर अर्ध्या तासात मोजता आलं असतं. बॅटरीच्या भीतीला आकडा लावलाच गेला नाही. वजनाच्या वादात जे शिकलं ते इथे वापरलं गेलं नाही.

सत्तर मिलिमीटर हा आकडाही कुणी तपासून पाहिला नव्हता. तो पहिल्या रेखाटनात आला आणि त्यावरच बाजू घेतल्या गेल्या. हेडरच्या एका वळणाला आणि पत्र्यांच्या ढालीला किती जागा पुरते हे पीव्हीसीच्या सांगाड्यात पाहता आलं असतं. मी नंतर मोजून पाहिलं तेव्हा चाळीसमध्ये बहुतेक काम झालं असतं असं वाटलं, आणि मग नागमोडी वळणांत इतकं नुकसान झालं नसतं.

चार सिलिंडरच्या प्रस्तावावर अन्याय झाला असंही माझं मत आहे. तो नाकारण्याची कारणं त्या वर्षापुरती योग्य होती, पण रेडिएटर किती मोठा लागेल हे कुणी मोजलं नाही. ‘उष्णता वाढेल’ एवढ्यावर तो बाद झाला. पुढेमागे टीमकडे पैसा आणि सुट्या भागांची सोय झाली तर हा प्रश्न परत येणारच.

धाडसी रचनेबद्दलही एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण मुलं मला ती पुन्हा पुन्हा विचारतात. २०१५ मध्ये निसाननं ल माँला इंजिन पुढे आणि पुढच्याच चाकांना ताकद अशी गाडी आणली. कल्पनेमागचा विचार गंभीर होता, हवेचा दाब आणि वजन दोन्ही पुढे ठेवण्याचा. तीन गाड्या उतरल्या. दोन मध्येच थांबल्या, तिसरी शेवटपर्यंत धावली पण अंतर कमी पडल्यानं तिची निकालात गणना झाली नाही. माझं मुलांना सांगणं एवढंच आहे की वेगळी रचना निवडायची तर तिला चाचणीचा वेळही वेगळा आणि जास्त द्यावा लागतो. उलट्या इंजिनाची कल्पना काढणारा मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे. दिशा बदलणाऱ्या गिअरजोडीचं डिझाइन तो प्रोजेक्ट म्हणून करतो आहे, गाडीत न बसवता, टेस्ट बेंचवर.

या वर्षीच्या टीमनं व्हीलबेस १,५९० ठरवला आहे. माउंट पुढे दोन थेट बोल्टचे, मागे दोन रबर बुशचे, आणि चेनची रेघ धरायला एक आडवा टाय रॉड. थांब्यापुरता छोटा पंप टेबलावर चालवून त्याचा करंट मोजून झाला आहे. चार सिलिंडरचा प्रस्ताव पुन्हा आला आहे, या वेळी रेडिएटरच्या गणितासकट, आणि त्यावर निर्णय अजून व्हायचा आहे.